टेलनेट बंद करा, आजच!

वांगणी आणि नेरळच्या मधलं शेलू आता नुसतं गाव राहिलेलं नाही. स्टेशनाभोवती इमारती उठल्या, आणि जिन्याखालच्या लोखंडी खोक्यांत नेटवर्कचे स्विच लुकलुकू लागले. त्यावर घरचं इंटरनेट चालतं, गेटवरचे कॅमेरेही चालतात. पावसात बिघाड झाला तर दुरुस्तीवाला यायचा कसा? 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस इथून जवळच, वांगणीपाशी पुरात अडकली होती. अशा वेळी माणूस कल्याणला बसूनच एका स्विचमध्ये शिरतो, तिथून पुढच्या इमारतीतल्या स्विचमध्ये जातो आणि बंद पडलेला पोर्ट सुरू करतो. सोय उत्तम आहे. ती हवीच.

पण हे काम अजूनही टेलनेटवरून करणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. टेलनेट ही दूरच्या यंत्रात शिरायची 1969 सालची पद्धत. त्यात टाइप केलेलं प्रत्येक अक्षर, पासवर्डसकट, तारेवरून उघडंवाघडं जातं. खचाखच भरलेल्या कर्जत लोकलमध्ये फोनवर एटीएमचा पिन मोठ्याने सांगावा, तसलाच हा प्रकार. यावर उपाय म्हणून फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी सगळं कुलूपबंद पाठवणारं एसएसएच लिहिलं, तेही 1995 मध्ये. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकले होते. तीस वर्षं होऊन गेली, आणि आपण अजून टेलनेटलाच चिकटलोय!

‘आमच्या शेलूत कोण येतंय?’ हे उत्तर मला मान्य नाही. कुणाला यावं लागतच नाही. 2016 मध्ये मिराई नावाचा व्हायरस जगभरचे पत्ते चाचपत टेलनेटचं दार ठोठावत फिरला. हाताशी कारखान्यातूनच घालून येणाऱ्या साठेक नावा-पासवर्डांची यादी, बस्स. तेवढ्यावर लाखो कॅमेरे आणि राउटर त्याच्या ताब्यात गेले, आणि 21 ऑक्टोबरला त्यांच्याच माऱ्याने ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. बरं, महागडा स्विच घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. मार्च 2017 मध्ये स्विच बनवणाऱ्या सिस्कोनेच जाहीर केलं की आपल्या 300 हून जास्त मॉडेलांत, स्विचने स्विचला हुकूम देण्याच्या सोयीतच, भगदाड आहे. टेलनेटच्या वाटेने पासवर्डाशिवाय पुरता ताबा घेता येतो. दुरुस्ती येईपर्यंत कंपनीचा सल्ला होता, टेलनेट बंद करा.

सिस्कोच्या स्विचवर हे काम किती? नाव-पासवर्ड ठरवायचा, किल्ली तयार करायची आणि दूरच्या लॉगिनच्या सेटिंगमध्ये ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ एवढी ओळ घालायची. चहा निवायच्या आत उरकतं. खोक्याच्या दाराला आतून चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी तेवढी फाडा.

सोसायटीच्या सेक्रेटरींना विनंती आहे. देखभालीच्या कराराची पुढची सही करण्याआधी ऑपरेटरकडून दोन गोष्टी लेखी घ्या : टेलनेट बंद केलं आहे, आणि कारखान्यातला पासवर्ड बदलला आहे. स्विच इतका जुना असेल की एसएसएच चालतच नाही, तर तो बदलून मागा.