अलर्टअण्णा

पेन्शनीत निघालेला माणूस एक तर देवाच्या नादी लागतो, नाही तर शेअर बाजाराच्या. आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा सेन्सरच्या नादी लागले. उभी हयात भोसरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला गेली, त्यामुळे हातात स्क्रूड्रायव्हर नसला की त्यांना चैन पडत नाही. आता दाराला सेन्सर, खिडक्यांना सेन्सर, सिंकखाली सेन्सर, गच्चीवरच्या टाकीत सेन्सर. देवघराखालच्या खणालाही एक चिकटवलेला आहे. "तिथं काय असतं?" असं विचारलं तर म्हणाले, "वाती आणि कापूर. पण कुणी उघडला तर कळायला नको?"

सोसायटीनं त्यांचं नाव अलर्टअण्णा ठेवलंय. ते त्यांना बिरुदासारखं वाटतं.

त्यांच्याशी गप्पा मारायला धीर लागतो. आपण गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत असतो, डॉक्टरांनी खर्चाचा आकडा काढला इथपर्यंत आलेलो असतो, आणि त्यांच्या खिशात टुंग होतं. अण्णा चष्मा कपाळावर चढवतात, फोन हातभर लांब धरतात आणि तृप्त चेहऱ्यानं जाहीर करतात, "मावशी आल्या भांडी घासायला." थोड्या वेळानं पुन्हा टुंग. "गेल्या." मावशींना दार उघडणाऱ्या काकू घरातच असतात. पण फोननं सांगेपर्यंत मावशी आल्या असं अण्णा धरत नाहीत.

पूर्वी हाच माणूस दाराला कुलूप ठोकून आठ-आठ दिवस कोकणात जायचा आणि घराची आठवणही काढायचा नाही. घर सुरक्षित झाल्यापासून त्याला घर सोडवत नाही. मागे एका मुंजीत बटू भिक्षा मागत होता आणि अण्णा कार्यालयाच्या कोपऱ्यात फोन डोक्यावर धरून रेंज शोधत होते. 'हॉलमध्ये हालचाल' असा निरोप आला होता. चोर म्हणजे पाल निघाली. तो सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो. पाल थेट भिंगावरूनच सरकली, तर तिच्यात आणि माणसात त्याला फरक कळत नाही. अण्णांनी हे सगळं बटूच्या आजोबांना पंगतीत समजावून सांगितलं. आजोबांनी मठ्ठा मागितला.

कळस केला गौरींनी. त्या वर्षी अण्णांनी चेहरे ओळखणारा कॅमेरा आणला होता. काकूंनी गौरी उभ्या केल्या, पैठण्या नेसवल्या, मुखवट्यांना नथी घातल्या, समोर फराळाची ताटं मांडली. रात्री पंख्यानं पदर हलला आणि अण्णांचा फोन वाजला: 'हॉलमध्ये दोन अनोळखी स्त्रिया.' पदर दर दहा मिनिटांनी हलत होता. पहाटेपर्यंत अण्णा चार वेळा उठले आणि चारही वेळा देवीला हात जोडून परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघींना 'ओळखीच्या व्यक्ती'त रीतसर नोंदवलं. मग विसर्जनापर्यंत फोन अधूनमधून कळवत राहिला: 'ज्येष्ठा घरी आहे.' काकूंचं म्हणणं एवढंच होतं, की न्हाऊन डोक्याला पंचा गुंडाळला की त्या कॅमेऱ्याला आपण अजूनही अनोळखी असतो.

अण्णांना हसणं सोपं आहे. पण सिंकखालच्या त्यांच्या सेन्सरमुळे खालच्या घराचं छत वाचलेलं आहे. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असलं की अख्खी बिल्डिंग टाकीची पातळी त्यांनाच विचारते. गळती, गॅस, टाकी, गीझर यांसाठी ही खेळणी उत्तम. भानगड सुरू होते ती चोरापासून, कारण चोर पाण्यासारखा वाहत येऊन सेन्सरवर थांबत नाही.

हे बोलून दाखवणारे एकच गृहस्थ, अण्णांचे साडू. त्यांचा धंदा सराफी पेढ्यांना आणि पतसंस्थांना अलार्म बसवून देण्याचा. बोलतात कमी, आणि नेमकं अण्णा रंगात आले की बोलतात. एकदा अण्णा आम्हाला इतिहास सांगत होते. 1853 साली बोस्टनकडच्या ऑगस्टस पोप यानं विजेच्या चोरघंटेचं पेटंट घेतलं, इथून गाडी निघाली ती न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सबाईपाशी आली. बाईंच्या ड्यूट्या अवेळी, घरात बऱ्याचदा एकट्या. नवऱ्याच्या मदतीनं त्यांनी दाराच्या भोकांमागे सरकता कॅमेरा बसवला, आत टीव्हीवर बाहेरचा माणूस दिसायची सोय केली. 1966 ला अर्ज, 1969 ला पेटंट. "घरच्या घरी केलं बाईनं!" अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले. "कुठली कंपनी नाही, महिन्याची फी नाही!"

"त्या बाईनं मदत बोलवायचं बटणही ठेवलं होतं," साडू म्हणाले. "तुमचं बटण कुठाय?"

अण्णांनी ते ऐकलं नाहीसं केलं. मग साडू उठले, बाल्कनीचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर उभे राहिले. आम्ही सगळे अण्णांच्या खिशाकडे बघू लागलो. टुंग नाही. अण्णांनी फोन काढला. त्यावर लिहिलं होतं: 'बाल्कनी – बंद. बॅटरी 100 टक्के.' साडूंनी सेन्सर चौकटीवरून उपटून काढला, नखानं त्याचं झाकण उघडलं आणि आतला बटणसेल अण्णांच्या तळहातावर ठेवला. सेल कधीचाच मेला होता. मरण्यापूर्वी त्यानं जे शेवटचं कळवलं होतं, तेच फोन इमानानं दाखवत बसला होता.

"आमच्याकडचा सेन्सर ठरल्या वेळानं पॅनलला हजेरी देतो," साडू म्हणाले. "हजेरी चुकली की पॅनल तक्रार करतं. तारेचा असेल तर तारेच्या टोकाला किरकोळ किमतीचा रेझिस्टर असतो. तार कापा नाहीतर पिळून जोडा, आकडा बदलतो आणि बोंब होते. वीज गेली तर पेटीत बॅटरी आहे, इंटरनेट गेलं तर सिमकार्ड आहे. तुमचा सेन्सर गप्प बसला की तुम्हाला वाटतं सगळं आलबेल आहे."

अण्णा असे ऐकून घेणाऱ्यांतले नव्हेत. 7 डिसेंबर 2021 ला ॲमेझॉनची व्हर्जिनियातली सर्व्हर-सेवा कोलमडली आणि अमेरिकेत लोकांच्या दारावरच्या घंटा आणि घर झाडणारे रोबोसुद्धा रुसले, ते त्यांना तोंडपाठ. "म्हणूनच माझं सगळं घरातल्या घरात चालतं, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर!" आणि मग हुकमाचं पान: अमेरिकेतल्या पोलिसांकडे अलार्मवरून येणाऱ्या वर्द्यांपैकी शंभरात 94 ते 98 खोट्या निघतात असं तिथल्या पोलिसांसाठीच्या मार्गदर्शिकेतच छापलंय, सॉल्ट लेक सिटीनं तर 2000 साली, आधी कुणीतरी जाऊन खातरजमा केल्याशिवाय पोलीस पाठवायचेच नाहीत असा नियम केला. "तुमची व्यावसायिक यंत्रणाही मांजर बघूनच ओरडते, साडूभाऊ!"

"ओरडते ना," साडू शांतपणे म्हणाले. "म्हणून पगार देऊन तिथं माणूस बसवावा लागतो." आणि चहा प्यायले.

हा वाद असाच वर्षानुवर्षं सणासुदीला चालला असता. पण अण्णांच्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला दारातून गेल्या. कॅमेऱ्यानं चोरी इतकी सुरेख टिपली होती, की चोराच्या हातातल्या गंड्याची गाठसुद्धा दिसत होती. चोरानं अण्णांच्या चपला पायात घालून पाहिल्या, दोन पावलं चालून पाहिल्या, पसंत केल्या, आणि जाताना स्वतःच्या व्यवस्थित जोडीनं मांडून ठेवल्या. हे झालं पहाटे सव्वापाचला. अण्णांना कळलं साडेआठला. चार्जिंग वाचवण्यासाठी फोननं ते ॲप परस्पर झोपवलं होतं. पोलीस चौकीत हवालदारांनी चित्रफीत दोनदा पाहिली, चित्राच्या स्वच्छपणाची तारीफ केली आणि विचारलं, "कोण हा?" अण्णा म्हणाले, "ते तुम्ही सांगायचं ना!"

काकूंनी परस्पर बहिणीला फोन केला. आठवड्यात साडूंची पोरं येऊन पांढरी पेटी, की-पॅड आणि सायरन बसवून गेली. आता धोक्याचा निरोप थेट कंट्रोल रूमला. तिथला मुलगा आधी घरी फोन करून गुप्त शब्द विचारणार. शब्द चुकला की गार्ड निघणार. "शब्द तोंडानं सांगायचाय, साधा ठेवा," साडू म्हणाले. "'आमटी' ठेवा." अण्णांना हे पोरकट वाटलं. त्यांनी चौदा अक्षरांचा, एक कॅपिटल, दोन आकडे आणि एक ॲट द रेट असलेला शब्द रचला आणि सुरक्षेच्या कारणास्तव तो घरात कुणालाच सांगितला नाही. आपल्या आधी दुसऱ्या कुणाला तरी निरोप जातो, हे मात्र त्यांच्या जिवाला फार लागलं. शेवटी पॅनलमधून एक वायर काढून त्यांनी ती आपल्या यंत्रणेला जोडली, तेव्हा कुठे त्यांना जेवण गेलं.

पुढच्याच रविवारी काकू मंडईतून आल्या. दोन्ही हातांत पिशव्या, काखेत अळूची जुडी. की-पॅडवर आकडे दाबेपर्यंत वेळ संपली आणि सायरननं बिल्डिंग डोक्यावर घेतली. कंट्रोल रूमचा फोन आला. "मॅडम, गुप्त शब्द?"

"अरे बाळा, मी मालकीण आहे."

"हो मॅडम, पण शब्द?"

काकूंनी 'गणपती' सांगून पाहिलं, नातवाचं नाव सांगितलं, मग 'आमटी' सांगितलं. मुलानं नम्रपणे फोन ठेवला. थोड्याच वेळात एक गार्ड मोटरसायकलवरून आला, घरभर फिरला, बाथरूमचं दार उघडून पाहिलं आणि काकूंचंच ओळखपत्र मागितलं. त्याचं पाणी पिऊन होतंय तोवर अण्णा खालच्या सोसायटी ऑफिसातून वर आले. चेहरा विजयी.

"किती वेळ लागला यांच्या माणसाला?" त्यांनी फोन नाचवत विचारलं. "अकरा मिनिटं! माझं नोटिफिकेशन चौथ्या सेकंदाला आलं होतं."

"मग तुम्ही कुठे होतात अकरा मिनिटं?" काकू म्हणाल्या.

"अगं, तेच तर मोजत होतो."