सशाचं रुखवत

कुणाला सांगणार नसाल तर सांगते. आमच्या बिल्डिंगच्या तीनशे दोनमध्ये गेले तीन आठवडे रुखवत मांडलंय. लग्न कुणाचंही नाही. घरात ससा आणलाय आणि त्याच्याशी 'बाँडिंग' करायचंय. आम्हाला बाँड ठाऊक दोनच, एक स्टॅम्पपेपरचा आणि दुसरा पिस्तूलवाला. हा तिसरा तीनशे दोनच्या धाकटीने शोधून काढला. ससा यायच्या आठ दिवस आधीच तिने हॉल रिकामा केला. सोफा भिंतीला, टीपॉय गॅलरीत आणि काकू आतल्या खोलीत.

नावावरूनच पहिला वाद. काका म्हणाले, शशांक ठेवू. चंद्रावर ससा दिसतो म्हणून तो शशांक, संस्कारी नाव आहे. काकू कडाडल्या, "थोरल्या जावयांचं नाव सशाला? ते येतील तेव्हा हाक कुणाला मारायची?" शेवटी मोदक ठरलं. पांढराशुभ्र आहे, त्यामुळे शोभतंही.

आता सामान ऐका. आधी सतरंजी. चकचकीत फरशीवर ससा घसरतो म्हणे. कुत्र्यामांजरांच्या तळव्याला गादी असते, ह्याच्या तळव्याला नुसते केस. मोजे घालून तेलकट फरशीवर पळायला सांगितलं तर आपण तरी पळू का? म्हणून हॉलभर सतरंजी. ती सतरंजी कुणाच्या घरून आली यावर बिल्डिंगमध्ये दोन तट आहेत. मी त्यात पडत नाही.

मग घर. मिक्सरचा रिकामा खोका, पण त्याला दारं दोन! एकाच दाराच्या बिळात ससा शिरत नाही. कोल्हा दारात उभा राहिला तर पळायचं कुठून? आमच्या अख्ख्या फ्लॅटला एक दार, बिल्डरने मागचं दार दिलं नाही म्हणून आम्ही वीस वर्षं कुरकुरतोय, आणि मोदकला पहिल्या दिवसापासून पुढचं-मागचं. खोक्यात काय अंथरलं विचाराल तर धाकटीचा टी-शर्ट. वापरलेला, मुद्दाम न धुतलेला! तिचा वास त्याच्या ओळखीचा व्हावा म्हणून. ज्या घरात आंघोळ केल्याशिवाय लोणच्याच्या बरणीला हात लावू देत नाहीत, त्या घरात हा प्रकार.

आणि आंघोळीचंच निघालं म्हणून सांगते, सशाला आंघोळच नाही. दिवाळीच्या पहाटेसुद्धा नाही. पाण्यात घातलं तर घाबरून त्याच्या जिवावर बेतू शकतं. तो स्वतःच चाटूनपुसून स्वच्छ राहतो. आपण फक्त मऊ ब्रश फिरवायचा. काकूंनी उटणं काढून ठेवलं होतं, ते परत डब्यात गेलं.

खरा चटका बसला गवताचा. बाहेरून येणारं टिमोथी नावाचं वाळलं गवत, त्याचा किलोचा भाव ऐकून मी म्हटलं, ह्या पैशांत काजूतुकडा येतो. गावाकडे आमच्या गोठ्यात लसूणघास होता, फुकट. पण तो म्हणे सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना. मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जड जातं. बरं, गवत नको म्हणायचीही सोय नाही. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, महिन्याला साधारण सेंटीमीटरभर, आणि ते झिजायचे तर दिवसभर रवंथ केल्यासारखं चघळत बसायला हवं. त्यातून त्याला ओकता येत नाही. पोटाचं चक्र एकदा थांबलं की थांबलं. बारा तास तोंडाला काही लावलं नाही तर उद्या बघू म्हणायचं नाही, तडक डॉक्टर गाठायचा.

काजूच्या भावाचं गवत पुरवून पुरवून वापरावं म्हणून काकू दूर्वा आणायला लागल्या. दूर्वा त्याला भलतीच मानवते. पण देवळाबाहेरचा फुलवाला किती दिवस गप्प बसणार? एका मंगळवारी त्याने विचारलंच, "काकू, रोज एवढी दूर्वा? घरात गणपती किती?" काकू म्हणाल्या, "एकच, पण हा खातो."

गाजर? नाव काढू नका. गाजर म्हणजे सशाची मिठाई, गोड फार. कधीतरी नखाएवढा तुकडा. मग आपल्या डोक्यात ससा आणि गाजर ही जोडी बसवली कुणी? कार्टूनवाल्यांनी. १९४० पासून बग्ज बनी गाजर कुरतडत बोलतोय, आणि ती लकब घेतली क्लार्क गेबलकडून, १९३४ च्या एका सिनेमात तो गाजर खात खात बोलतो त्यावरून. नटाची सवय सशाच्या माथी! काका जुन्या इंग्रजी सिनेमांचे भक्त, त्यांना ही माहिती इतकी आवडली की ते ती मला लिफ्टमध्ये तीनदा सांगून झालेत.

आता जरा कानावर हात ठेवून ऐका. कोपऱ्यात एक घमेलं ठेवलंय. तळाशी वर्तमानपत्राच्या पट्ट्या, वर गवत. मला वाटलं, ताट असेल. ताटच आहे. आणि शौचालयही तेच! खाता खाता बाकीचं उरकण्याची सशाला सवय, म्हणून गवत तिथेच ठेवायचं. आपोआप शिस्त लागते. ह्याच्याही पुढची गोष्ट आहे, पण ती जेवायच्या आधी सांगण्यासारखी नाही. ससा दोन तऱ्हेच्या लेंड्या टाकतो. एक कोरड्या, गोल, त्या आपल्याला दिसतात. दुसऱ्या मऊ, द्राक्षाच्या बारक्या घोसासारख्या, त्या दिसतच नाहीत. कारण त्या तो खाली पडूच देत नाही. तिथल्या तिथे तोंडाने उचलतो. पहिल्या फेरीत निसटलेलं सत्त्व दुसऱ्या फेरीत घेतो म्हणे. काकूंनी हे डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी घरात फक्त मुगाची खिचडी झाली.

ससा घरात पाळायचं हे खूळ आपल्याकडचं नाही, एवढंच समाधान. विलायतेत बिअॅट्रिक्स पॉटरबाई आपल्या सशाला चक्क पट्टा बांधून फिरवायच्या. पुढे १९०२ मध्ये त्यांचं पीटर रॅबिटचं पुस्तक आलं. सशाला परसातल्या खुराड्यातून काढून थेट दिवाणखान्यात बसवायचं शास्त्र मात्र अमेरिकेचं. तिथे त्याचं हँडबुक १९८५ मध्ये निघालं आणि १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात संस्थाही उभी राहिली. आमच्याकडे पोचायला वेळ लागला, पण पोचलं ते तीनशे दोनपर्यंत. (आणि हो, शेतातला रानससा उचलून आणायचं मनात आणू नका. तो वेगळा प्राणी, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.)

एवढं सामान झालं, वायफायच्या वायरीला पाइप चढले, पाण्याला उलटणार नाही असा चिनी मातीचा जड वाडगा आला, उन्हाळ्यासाठी फ्रीजरमध्ये पाण्याची बाटली गोठत ठेवली. उन्हाचा तडाखा त्याला सोसत नाही, बाटली नॅपकिनात गुंडाळून शेजारी ठेवली की तो टेकून पडतो. मग बाँडिंग सुरू झालं. मला उत्सुकता, हे आता नक्की काय करणार?

काहीही नाही. सशाला उचलायचं नाही. जमिनीवरून वर गेला की त्याला घारीने उचलल्यासारखंच वाटतं, आणि झटापटीत त्याचा कणा मोडू शकतो. हाक मारायची नाही. टक लावून बघायचं नाही. खाली सतरंजीवर बसायचं, पुस्तक वाचायचं आणि तो घरात नाहीच असं वागायचं. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगा निदान पोह्यांच्या बशीआडून चोरून बघतो, इथे तेवढीही मुभा नाही. हात न्यायचा तर बाजूने, कपाळाकडे. त्याला मागचं दिसतं, डोक्यावरचं दिसतं, पण नेमकं नाकासमोरचं दिसत नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींसारखंच.

दहाव्या दिवशी मी सहज साखर मागायला गेले होते. (सहजच.) मोदक घमेल्यातून निघाला, सतरंजीच्या मधोमध आला आणि धप्पकन कुशीवर कोसळला. पाय ताठ, पोट उघडं. काकूंनी "गेला हो!" म्हणून जो हंबरडा फोडला, तो दोनशे चारपर्यंत ऐकू गेला. काका बावचळल्यासारखे फोन शोधायला लागले. धाकटी तेवढी हसत सुटली. ससा असा पडतो तेव्हा तो परम सुखात असतो म्हणे, इथे मला कुणी खाणार नाही याची खात्री पटल्यावर. सांत्वनाला आलेले लोक चहा घेऊन गेले. चहा मीच टाकला, काकूंचे हात थरथरत होते.

त्यानंतर मी दुपारी एखाद्या वेळेस जाते. काकूंना सोबत म्हणून. गुडघे दुखतात तरी खालीच बसते, खुर्चीवर बसलं तर तो येत नाही असं ऐकलंय. शब्दकोडं सोडवते. त्याच्याकडे बघत नाही, मला काय पडलंय? काल आडव्या तेराला अडले होते, तर शेजारी काहीतरी मऊ हललं. त्याने माझ्या चष्म्याच्या घरावर हनुवटी घासली. एकदा, दोनदा, मग त्या घराच्या दुसऱ्या टोकाला. सशाच्या हनुवटीखाली गंधाची ग्रंथी असते. जे घासलं ते त्याच्या मालकीचं, असा त्याचा सातबारा. धाकटी दारातून बघत होती, तिने तोंडावर बोट ठेवलं. मी श्वाससुद्धा जपून घेतला.

चष्म्याचं घर अजून पुसलेलं नाही, वेळच मिळाला नाही. आणि आमची माळ्यावरची जुनी सतरंजी कुठे गेली असं आमच्या ह्यांनी तुम्हाला विचारलं, तर तुम्हाला काही माहीत नाही.