गन शोमधल्या काकांस

रा. रा. टेबलवाले काका, मु. पो. टेक्सास, यांस
सा. न. वि. वि.

रविवारी गन शोमध्ये आपलं दर्शन घडलं. टेबलावर हिरवं कापड, त्यावर पाच-सहा रायफली, कोपऱ्यात बीफ जर्कीचं अर्धं पाकीट आणि पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेलं ‘खासगी संग्रह’. त्या पुठ्ठ्याने काय काम केलंय!

शेजारच्या टेबलावरचा दुकानदार परवानावाला. त्याचं गिऱ्हाईक घाम पुसत ४४७३ नंबरचा फॉर्म भरत होतं. ‘तुम्ही फरारी आहात का?’ असा प्रश्न त्यात खरोखरच आहे. मग दुकानदार एफबीआयकडे चौकशी करणार, वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गहून होकार-नकार येणार. १९९८ पासून ही रीत आहे. तुम्ही मात्र समोरच्याला एकदा न्याहाळलंत, “इथलाच ना रे?” विचारलंत, नोटा मोजल्यात, संपलं. हॉल तोच, रायफल तशीच. पण गिऱ्हाइकाची चौकशी व्हायची की नाही, हे इथे विकणाऱ्याच्या परवान्यावर ठरतं. समोरचा अपात्र आहे हे ठाऊक असताना किंवा तसा रास्त संशय असताना विकू नये, एवढंच तुम्हाला बंधन. म्हणजे जितकं कमी विचाराल तितके निर्धास्त.

तुमच्याच राज्यात एकाला २०१४ मध्ये दुकानात चौकशीअंती नकार मिळाला होता. पुढे त्याने खासगी व्यवहारात रायफल मिळवली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी मिडलंड-ओडेसाच्या रस्त्यांवर सात जणांना ठार केलं. विकणाऱ्याला दोन वर्षांची कैद झाली, ती विनापरवाना धंदा केल्याबद्दल आणि खोटं कर-विवरणपत्र भरल्याबद्दल. चौकशी केली नाही म्हणून नव्हे. ती त्याच्यावर बंधनकारक नव्हतीच.

मला परवा सर्दी झाली. स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्यांसाठी औषधवालीने फोटोचं ओळखपत्र मागितलं, नाव-पत्ता नोंदवला, सही घेतली. या गोळ्यांपासून मेथ हा अमली पदार्थ बनवतात, म्हणून ही खबरदारी; रास्तच आहे. ती नोंद निदान दोन वर्षं जपायची असते. दुकानातून रायफल घेणाऱ्याला होकार मिळाला, तर एफबीआयला त्याची ओळख चोवीस तासांत पुसावी लागते. माझं चोंदलेलं नाक देशाला अधिक धोक्याचं, हे मला मान्य आहे.

पण काका, एक गोष्ट तुमच्या बाजूने बोलायला हवी. उद्या तुम्हाला सद्बुद्धी झाली आणि गिऱ्हाइकाची चौकशी करावीशी वाटली, तरी ती यंत्रणा तुम्हाला थेट वापरता येत नाही. ती परवानेवाल्यांसाठी. त्याच शेजाऱ्याच्या टेबलाशी जायचं, त्याची फी मोजायची. सज्जन खासगी विक्रेत्याची अशी कोंडी करून वर त्याच्या सदसद्विवेकावर सगळा भार टाकणारा कायदा मी दुसरा पाहिलेला नाही. सुधारणा म्हणजे तरी काय हो? तुमचं गिऱ्हाईक त्या टेबलाशी नेणं. पावलं मोजलीत तर चार भरतील.

ही चार पावलं २०१३ मध्ये सिनेटला जड गेली. सँडी हूकच्या शाळेतली वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गोळीबारात जाऊन चार महिने झाले होते. मॅन्चिन आणि टूमी या सिनेटरांनी मांडलेल्या दुरुस्तीत गन शो आणि जाहिरातीतून होणारी विक्री तेवढी होती. मामाने भाच्याला बंदूक दिली तर चौकशी नको, असंही होतं. आणि सरकार तुम्हा बंदूकवाल्यांची यादी करील ही तुमची भीती? यादी करणाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग! बाजूने ५४, विरोधात ४६. हवी होती ६०, म्हणून ५४ हरले.

कळावे, लोभ असावा.
आपला, सर्दीवाला

ता. क. : नेवाडातल्या मतदारांनी २०१६ मध्ये खासगी विक्रीलाही चौकशी लावली. चौकशी थेट एफबीआयकडे करावी, असं मसुद्यात लिहिलेलं होतं. एफबीआय म्हणाली, आम्ही करणार नाही. राज्याचे महाधिवक्ते म्हणाले, मग अंमल अशक्य. २०१९ मध्ये विधिमंडळाने नवा कायदा करून ते निस्तरलं. तिकडे टेबल मांडायचा बेत असेल तर तुम्हाला उशीर झालाय, काका.