ट्रॅकराव

सोसायटीची कोजागिरी असो, कुणाची साठी असो की गणपतीतला सांस्कृतिक कार्यक्रम, ट्रॅकराव भेटतातच. अंगात चमकीचं जाकीट, स्टँडवर टॅब, टॅबमध्ये हजारभर कराओके ट्रॅक आणि पहिलं वाक्य ठरलेलं : ‘मागे आवाज येतोय ना?’ जाणकार मंडळी त्यांना गायकांत धरत नाहीत. वादक नाहीत, तालीम नाही, बटण दाबलं की बासऱ्या आणि व्हायोलिनं हजर. मग याने केलं काय, असा त्यांचा सवाल. माझ्या मते जिवंत वादकांसोबत गाण्यापेक्षा हे काम अवघड आहे, आणि ट्रॅकरावांचे श्रोत्यांपुढचे सगळे चाळे त्या अडचणीतूनच जन्मले आहेत.

तबलजी माणूस असतो. गायक शब्द विसरला तर तो एक आवर्तन जास्त वाजवून वेळ मारून नेतो. पेटीवाला हळूच सूर दाखवतो. ट्रॅक म्हणजे विरार लोकल. चढलात तर चढलात, नाहीतर ती निघाली. स्केल काळी दोनवरून पांढरी एकवर आणायची तर ते घरीच उरकावं लागतं. त्यामुळे प्रत्यक्ष गाण्यात ट्रॅकरावांना तसूभर मोकळीक नसते. ती उरते दोन अंतऱ्यांमधल्या वीसेक सेकंदांत. ऑर्केस्ट्रातला गायक त्या वेळी सॅक्सोफोनवाल्याकडे हात करून टाळ्या मिळवतो. इथे सॅक्सोफोन टॅबमध्ये. टॅबकडे हात करून टाळ्या मागणं बरं दिसत नाही. म्हणून ट्रॅकराव खाली उतरतात. पहिल्या रांगेतल्या आजींचा हात धरून झुलतात, सेक्रेटरींना उगाच ‘साहेब’ म्हणतात, ‘लेडीज साइडचा आवाज कमी येतोय’ असा आरोप करतात. हे चालू असताना अर्धा कान ट्रॅककडे, कारण अंतरा कुणासाठी थांबत नाही आणि शब्द वर स्टँडवर राहिलेले असतात. गाणं पाठ नसलेल्याने खाली उतरू नये. (फोनवरून ट्रॅक लावणाऱ्याने फोन आधी फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर ऐन विरहगीतात घरून आलेल्या फोनची रिंगटोन सगळ्या सभागृहाला ऐकू येते.)

खरी पंचाईत ‘वन्स मोअर’ची. संगीत नाटकाच्या काळापासून मराठी श्रोता हा हक्क सोडायला तयार नाही. पेटी-तबल्यावर तीच ओळ लगेच पुन्हा घेता येते. ट्रॅकवर मात्र सुरुवातीच्या बासरीपासून सगळा संसार नव्याने मांडावा लागतो. तोवर मसाला दुधाच्या टेबलाशी रांग लागलेली असते. म्हणून मुरलेले ट्रॅकराव शेवटच्या अंतऱ्याचा वेगळा तुकडा कापून ठेवतात. याला तालीम म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

यांनी वादकांच्या पोटावर पाय आणला, हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण बारा वादक, त्यांचा टेंपो आणि जेवण वर्गणीत बसत नाही, हा निर्णय कमिटी घेते. ट्रॅकराव फक्त उरलेल्या पैशांत येतात. दुसरा आक्षेप, काही जण मूळ आवाज चालू ठेवून नुसते ओठ हलवतात. असे लबाड आहेत. पण ते ओळखायला सोपे : ओठ हलवणारा आपला माइक दुसऱ्याच्या तोंडापुढे कधीच धरत नाही. ट्रॅकराव धरतात, आणि जोखीम पत्करून धरतात.

कराओकेचं यंत्र १९७१ साली कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए या वादकाने बनवलं, आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. २००४ मध्ये त्याला विनोदी ‘इग नोबेल’ पुरस्कारांतला शांततेचा पुरस्कार मिळाला. लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल. तेव्हा येत्या कोजागिरीला माइक तुमच्यापुढे आला तर मान फिरवून मोबाइल काढू नका. दोन ओळी म्हणा. दहा वाजता स्पीकर बंदच करायचाय.