टिकलीचा पेला

आमचे दाजी बियरला थेट तोंड लावत नाहीत. आधी विधी असतो. काचेच्या ग्लासात पाणी घ्यायचं, बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबायचा, ती उलटी करून पाण्यात बुडवायची आणि अंगठा काढायचा. पाण्यात एक वळवळती रेघ उतरते. "बघ, ग्लिसरीन!" दृष्ट काढून झाल्यासारखे दाजी ते पाणी बेसिनमध्ये ओततात.

खरं तर ती रेघ बियरचीच. आंबूनही उरलेल्या साखरेमुळे बियर पाण्यापेक्षा किंचित जड. ती खाली उतरते, पाणी वर चढतं. म्हणजे बेसिनला बियर पाजून दाजी पाणी घातलेली पितात. आणि हाच माणूस पाण्यावरून दूधवाल्याशी भांडतो.

शेवटी विधी केलेली आणि न केलेली बियर दाजींना चवीवरून ओळखता येते का, याची मी परीक्षा मांडली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत 1940च्या दशकात वापरलेली रीत: तीन पेले, दोन पेल्यांत एकच माल, तिसऱ्यात वेगळा; तो ओळखायचा. आमच्याकडे स्टीलचे पेले. हिने आत स्वयंपाकघरात ओतून वेगळ्या पेल्याच्या बुडाला स्वतःची टिकली चिकटवली. दाजींनी डोळे मिटून पाच फेऱ्या केल्या. दोन बरोबर.

"दोन आले की!"

"दाजी, नुसतं बोट ठेवलं तरी तीनात एकदा लागतंच."

"मग आता तू बस."

मी बसलो. इंपोर्टेड हिरव्या बाटलीवर मी ऑफिसात व्याख्यानं दिलेली; या वेळी पेल्यांत तीच आणि आपली लोकल. एक पेला उग्र, कुबट लागला. "ही आपली लोकल," मी म्हणालो, आणि शेजारच्याची तारीफ केली. हिने तो उलटा केला. टिकली! ती लोकल होती. कुबट निघाली ती माझी हिरवी. प्रकाशाने बियरमधल्या हॉप्सची वाट लागते. तपकिरी काच तो बराचसा अडवते, हिरवी फारसा नाही. माझी बाटली दुकानात किती दिवस ट्यूबलाइट खात उभी होती कोण जाणे.

1964 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या अॅलिसन आणि उल या संशोधकांनी पिणाऱ्यांना घरपोच बिनलेबलच्या बाटल्या दिल्या, तेव्हा बहुतेकांना आपला ब्रँड ओळखता आला नाही. लेबलं लावून दिल्यावर मात्र आपल्याच ब्रँडला भरघोस मार्क. हे मी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबरच आहे. लेबल नसलं की चव कशी लागणार?"

पुढच्या शनिवारी दाजी येण्याआधीच मी काचेच्या ग्लासात पाणी भरून ठेवलं.