दहा रुपयांची माहिती

2024 च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावात येणारे भरतीचे पाणी अडून तेथील फ्लेमिंगो संकटात सापडल्याची वार्ता पसरली, तेव्हा तलावात न आलेली भरती आमच्या सोसायटीच्या सद्भावनेस आली. गुलाबी सदरे घालून मंडळी मानवी साखळीत उभी राहिली, सह्यांचा कागद क्षणार्धात भरला, आणि पाण्याची गरज नसलेले फ्लेमिंगो या शहरात रस्त्याकडेला पुतळ्यांच्या रूपाने विपुल असता जिवंतांचेच हाल का, असा मार्मिक प्रश्नही एका गृहस्थांनी उपस्थित केला.

पाणी अडवले कोणी, हे पाहण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा, असे मी सुचवले. ज्या हक्कासाठी अण्णा हजारे 2003 साली आझाद मैदानावर उपाशी बसले, तो 2005 च्या कायद्याने देशभर मिळाला असून, अर्जास 10 रुपये आणि प्रतीस पानामागे 2 रुपये, म्हणजे कटिंग चहाच्या भावात सरकारचे दप्तर उघडते, हे मी सप्रमाण सांगितले. सभेत शांतता पसरली. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "काका, कल्पना उत्तम आहे, पण अर्जावर नाव कोणाचं घालायचं?"

नाव अर्थातच माझे पडले. दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटासाठी रिक्षाला किती मोजले, ते येथे सांगत नाही. खरी पंचाईत पुढेच होती; अर्ज एकाच विषयावर आणि सामान्यतः 150 शब्दांत असावा, असा 2012 पासूनचा राज्याचा नियम, आणि माझे तर प्रास्ताविकच, कर्ता, कर्म व पक्षी यांचा यथास्थित परामर्श घेऊन क्रियापदापर्यंत पोहोचेतो, ती मर्यादा ओलांडते.

तरीही काटछाट करून अर्ज धाडला. दुसऱ्या कार्यालयाचा विषय असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करावा असे कायदा म्हणतो. माझा एकोणतिसाव्या दिवशी झाला, आणि त्या कार्यालयाने तो 'आपल्याकडील विषय' म्हणून आदरपूर्वक मूळ जागी परत केला. आता प्रथम अपिलास 20 रुपयांचे तिकीट हवे.

सेक्रेटरींचा निरोप आला आहे: येत्या रविवारी पुन्हा साखळी, नाश्त्याची तजवीज झाली आहे, सदरा गुलाबी असावा, आणि अपिलाला सर्वांचा संपूर्ण पाठिंबा आहे, फक्त कोणाचे नाव नको.