मोटरीला खोडरबर लावल्याने होणारा त्रास

मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांत साहित्याची यादी फार थोडक्यात आटोपतात. एक छोटी मोटर, दोन पेन्सिल सेल, प्लास्टिकचा एक ग्लास, तीन स्केचपेनं, चिकटपट्टी, खोडरबराचा तुकडा. वेळ : अर्धा तास. वयोगट : आठ वर्षांपुढे. यादीत आजोबा, शेजारी, दुकानदार आणि परीक्षक यांचा उल्लेख नसतो. म्हणून हा लेख.

ही यादी चित्र काढणाऱ्या रोबोची. तो करायचा असा : ग्लास उपडा ठेवायचा, कडेनं तीन स्केचपेनं पायांसारखी चिकटवायची, टोकं खाली. डोक्यावर मोटर. मोटरीच्या दांड्यावर खोडरबराचा तुकडा खोचायचा, पण मधोमध नाही, एका बाजूला झुकता. मोटर फिरली की ते वजन ग्लासाला घडीत इकडे, घडीत तिकडे ओढतं. ग्लास थरथरतो, पेनं उड्या मारत सरकतात आणि कागदावर तुटक रेघांची, ठिपक्यांची वर्तुळं उमटतात. वायरी उलट जोडल्या की मोटर उलटी फिरते आणि वर्तुळांचा रोखही बदलतो. खोडरबर दांड्याशी फार लगटला तर यंत्र नुसतं गुणगुणतं; फार लांब गेला तर आडवं होतं. जुन्या मोबाइलच्या पोटात असंच एक एकांगी वजन फिरायचं आणि फोन टेबलावरून सरकत सरकत खाली पडायचा. थोडक्यात, यंत्र वाकडं आहे म्हणूनच चालतं. मला हे समजलं, मुलांना माझ्या आधी समजलं. बाकी कोणाला समजावं अशी अपेक्षा नव्हती. फक्त त्यांनी मदत करू नये एवढीच होती.

पहिली तक्रार मोटरीची. कापडबाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत मागाल ती वस्तू मिळते, असा नगरकरांचा समज आहे. तो बरोबरही असेल, पण मागायची कशी हे ठरलेलं नाही. या जिल्ह्यात मोटर म्हणजे विहिरीवरची. दुकानदारानं विचारलं, “किती एचपीची?” मी म्हटलं, एचपी नाही, तीन व्होल्टची. त्यानं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि विचारलं, “पाणी किती फुटांवर आहे?” मग मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं, न विचारता, पाचाऐवजी साडेसातची घ्या असा सल्ला दिला. दोघंही अत्यंत गंभीर होते. चित्र काढायचंय असं सांगण्याची ती वेळ नव्हती.

विकत कशाला, घरातल्या कचऱ्यातून करा, असं जाणकार म्हणतात. हे जाणकार म्हणजे मुख्यतः अरविंद गुप्ता. 1970 च्या दशकात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे जोडून भूमिती उभी केली. पुढे पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊतून खेळणी करून दाखवली. 2018 साली पद्मश्री मिळाली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि इनॅमलच्या तारेचं एक वेटोळं एवढ्यात ते फिरती मोटर करून दाखवतात. माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. त्यांचं सगळं पटतं, फक्त एक गृहीत पटत नाही : की घरातल्या कचऱ्यावर घरातल्यांचा हक्क नसतो.

आमच्याकडे कचरा भरपूर आहे, पण तो सगळा कोणाचा ना कोणाचा आहे. श्रीखंडाचा रिकामा डबा आईचा. तो “कामाचा” आहे. कपाटावर बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर आहे. त्याचा ट्रे बाहेर ढकलणारी मोटर अगदी हवी तशी, पण तो “दुरुस्तीला द्यायचाय”. आता कुठला दुकानदार तो दुरुस्त करणार? हा प्रश्न आमच्या घरी उद्धटपणा समजला जातो. शेवटी मोटर पुतण्याच्या मोडक्या गाडीतून निघाली. गाडी मोडकी नव्हती असं त्याचं अजूनही म्हणणं आहे.

चिकटपट्टीचं टोक सापडत नाही, यावर मी लिहिणार नाही. स्केचपेनांच्या टोपणांवरही नाही. तीन पायांना तीन रंग लागतात आणि तीन मुलांना एकच जांभळा हवा असतो, हेही सोडून देऊ.

सेलचं मात्र सांगायला हवं. दोन पेन्सिल सेल ओळीनं जोडले की तीन व्होल्ट मिळतात आणि यंत्र माणसात राहतं. पुतण्यानं कुठूनशी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी पैदा केली. खेळण्यातल्या मोटरीला ती झेपत नाही. मोटर किंचाळते, तापते, खोडरबर उडून फोडणीत पडतो. ती बॅटरीही फार वेळ टिकत नाही; दम मोठा, जीव छोटा. तोवर पेनानं कागद संपवून फरशी धरलेली असते. फरशीवरचं चित्र, खरं सांगायचं तर, सर्वांत चांगलं आलं होतं.

अशाच खटाटोपासाठी नीती आयोगाच्या 2016 च्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवड झालेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. सहावी ते बारावीच्या मुलांनी हातानं काही करावं हा हेतू. आमची लॅब म्हणजे जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा, आणि तोही पोळ्या होईपर्यंतच.

आता मुख्य तक्रार, म्हणजे आबा. माझे वडील साखर कारखान्यात सेंट्रिफ्यूगलवर होते. घट्ट पाकातून साखर आणि मळी वेगळी करणारी ती जाळीदार टोपली मिनिटाला हजारावर फेरे घेते. माल एका अंगाला बसला की सगळं यंत्र डोलायला लागतं आणि ते ताबडतोब थांबवावं लागतं. प्रवरानगरला 1950 साली सहकारी कारखान्याचं चाक फिरलं, तेव्हापासून या जिल्ह्यात थरथर हा दोष मानला जातो. आबांनी उभी नोकरी तो दोष काढण्यात घालवली. आमच्याकडचा एकही पंखा डुलत नाही.

“अरे, शाफ्टला रनआउट आहे,” रोबो पाहून ते म्हणाले.

“आबा, तो मुद्दामच वाकडा लावलाय,” थोरली म्हणाली.

“मुद्दाम कोण लावील?”

त्यांच्या मते नातवंडांना निकृष्ट माल मिळाला होता आणि बापाचं लक्ष नव्हतं.

शेजारच्या काकू येऊन चित्र बघून गेल्या. “असं तर आमचा बाळ हातानंही काढतो,” म्हणाल्या. यावर उत्तर होतं, पण ते लांब होतं. स्वित्झर्लंडच्या जाके-द्रो घड्याळजींनी 1774 च्या सुमारास दोन हजारांच्या आसपास भाग जोडून चित्र काढणारा यांत्रिक मुलगा केला. तो पंधराव्या लुईचा चेहरा काढतो, कुत्रा काढतो आणि मधेच फुंकर मारून पेन्सिलीची भुकटी उडवतो. तो आजही न्यूशातेलच्या संग्रहालयात आहे. उलट 1959 साली ज्याँ तँग्ली नावाच्या कलावंतानं पॅरिसमध्ये नुसत्या रेघोट्या मारणारी यंत्रं मांडली आणि लोकांनी ती कला म्हणून पाहिली. काकूंना चहा दिला.

मग शाळेचं विज्ञान प्रदर्शन. तक्त्यावर उद्दिष्ट, साहित्य, कृती, निष्कर्ष हे सगळं लिहून झालं. “समाजाला उपयोग” या रकान्यापाशी घर अडलं. पुतण्यानं प्रामाणिकपणे “नाही” असं लिहिलं. आईनं ते खोडून “रांगोळी काढण्यासाठी” असं घातलं. शेजारच्या टेबलावर ठिबक सिंचन होतं, पलीकडे पर्जन्यमापक. नगर जिल्ह्यात पाण्याशिवाय दुसरं काही घेऊन प्रदर्शनात जाणं हे मुळातच धाडस.

परीक्षक आले. थोरलीनं बटण दाबलं. रोबो सुरेख गुणगुणला आणि जागचा हलला नाही. तीन पाय, तीन ठिपके. आबांनी रात्री सगळे झोपल्यावर खोडरबराचा तेवढ्याच वजनाचा दुसरा तुकडा कापून दांड्याच्या पलीकडच्या बाजूला बसवला होता. काम इतकं सफाईदार होतं की जोड दिसत नव्हता.

“बघा, आता कसं गार चाललंय,” मागून आबा म्हणाले. परीक्षकांनीही मान डोलावली. इतका शांत रोबो त्यांनी पाहिला नसावा. ते गुणपत्रक टेबलावर ठेवून लिहायला वाकले तेवढ्यात धाकट्यानं नखानं आबांचा तुकडा उपटला. यंत्र निघालं, तक्त्याची कड ओलांडून सरळ गुणपत्रकावर चढलं आणि तिथं त्यानं निवांत, तिन्ही रंगांत वर्तुळं काढली. आम्हाला किती गुण पडले ते त्या कागदावर लिहिलेलं आहे. वाचता येत नाही. शाळेकडे मी तसा अर्ज दिला आहे.